एमएसडब्ल्यूची दोन वर्षं : स्पेशलायझेशनपेक्षा फिल्डवर्क बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पदवी दुसऱ्याच विषयात झाली आहे, समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण (एमएसडब्ल्यू) घ्यायचं मनात आहे, पण कोणतं स्पेशलायझेशन घ्यावं, दोन वर्षांत हाताला काय लागतं आणि पुढे नोकरी मिळेल का, याची धास्ती आहे. मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करतो. फिल्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, येणाऱ्या विद्यार्थ्यांचा एजन्सी सुपरवायझर (ते जिथे काम करतात त्या संस्थेतला मार्गदर्शक) म्हणून त्यांचे रिपोर्ट वाचणं हा माझ्या आठवड्याचा ठरलेला भाग आहे आणि भरतीच्या मुलाखतींतही बसावं लागतं. त्यामुळे माझं उत्तर फिल्डवर्कच्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी दुसऱ्या विषयातल्या पदवीची काळजी सोडा. मानसशास्त्र, साहित्य, वाणिज्य, अगदी विज्ञान शाखेतून आलेलेही उत्तम काम करताना दिसतात. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी, करून आलेल्यांना पहिलं सत्र सोपं जातं, एवढाच फरक. कधीकधी तर ‘हे आम्हाला माहीत आहे’ या भरवशावर तेच मागे पडतात.

स्पेशलायझेशनचा प्रश्नही वाटतो तितका मोठा नाही. वैद्यकीय व मानसोपचार, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, गुन्हेगारी व सुधारसेवा अशी नावं संस्थेगणिक बदलतात. काही ठिकाणी सगळ्यांना एकच सर्वसाधारण अभ्यासक्रम असतो. वैद्यकीय किंवा मानसोपचाराची वाट धरायची असेल तर निवड महत्त्वाची ठरते, ते पुढे सांगतो. बाकी ठिकाणी मुलाखतीत स्पेशलायझेशनवर एक प्रश्न येतो आणि फिल्डवर्कवर दहा. म्हणून कॉलेज निवडताना माहितीपत्रकातले विषय मोजत बसू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा : आयसी, म्हणजे सुपरवायझरसोबतची वैयक्तिक बैठक, दर आठवड्याला खरोखर होते का, की सत्राच्या शेवटी सह्या गोळा होतात? रेकॉर्डिंग, म्हणजे भेटींची लेखी नोंद, परत मिळतं तेव्हा त्यावर काही लिहिलेलं असतं का? एजन्सीत शिकवणारं प्रशिक्षित माणूस आहे का, की विद्यार्थ्याला रजिस्टर भरायला आणि कार्यक्रमात खुर्च्या मांडायला बसवतात? या तीन उत्तरांत कॉलेजची किंमत कळते.

तासांचं प्रमाण कल्पना यावी म्हणून सांगतो. अमेरिकेत समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जी परिषद आहे, ती पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तरसाठी किमान ९०० तासांचं फिल्डवर्क मागते. २००८च्या निकषांत तर तिने फिल्डवर्कलाच या व्यवसायाची खास शिक्षणपद्धती ठरवलं. वैद्यकशास्त्रात जी जागा वॉर्डमधल्या राउंडची, ती इथे फिल्डवर्कची. पण तास भरले म्हणजे शिकणं झालं असं नाही. नऊशे तास नुसतं वॉर्डातून हिंडूनही भरतात.

शिकणं रेकॉर्डिंगमध्ये होतं. विद्यार्थ्यांना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं काम हेच. नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात साधारण असं लिहितो : ‘आज वॉर्डमध्ये पेशंटच्या पत्नीला भेटलो. त्यांना धीर दिला व समुपदेशन केले. त्यांना बरे वाटले.’ तीन वाक्यं, आणि तिन्हींतून काहीच कळत नाही. धीर दिला म्हणजे काय बोललात? बरं वाटलं हे कशावरून ठरवलंत? मग मी तीच भेट संवादासकट, आठवेल तशी, लिहून मागतो. एका अर्धांगवायूच्या पेशंटच्या बाबतीत हाती आलं ते असं होतं (‘त्या’ म्हणजे पेशंटची पत्नी, ‘मी’ म्हणजे विद्यार्थी) :

त्या : डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या.
मी : मग चांगलंच आहे ना.
(त्या गप्प. हातातली फाइल उघडली, परत मिटली.)
मी : घरी कोण कोण असतं?
त्या : मी आणि हे. मुलगा बाहेरगावी असतो.
मी : मग मुलाला बोलावून घ्या.
त्या : बघते.

आता यावर बोलता येतं. ‘मग चांगलंच आहे ना’ हे वाक्य विद्यार्थ्याने चांगल्या मनाने उच्चारलं, पण बाईंनी घरी जाण्याची बातमी अडचण म्हणून सांगितली होती, आणि या एका वाक्याने त्यांना ती अडचण मांडायची सोय उरली नाही. फाइल उघडून मिटणं हे विद्यार्थ्याला दिसलं, त्याने कंसात टिपलंही, पण तिथे थांबला नाही. मुलाला बोलावण्याचा सल्ला घाईने दिला. आणि ‘बघते’ म्हणजे बहुतेक वेळा ‘ते होणार नाही’.

पुढच्या भेटीत त्याने एकच प्रश्न विचारायचा ठरवला : ‘घरी गेल्यावर पहिली रात्र कशी जाईल असं वाटतं?’ मग सगळं बाहेर आलं. नाकातल्या नळीवाटे भरवायची भीती, नवऱ्याची कूस एकटीने बदलता येईल का ही शंका, स्वतःची दुखरी कंबर, आणि मुलाशी दोन वर्षांपूर्वी झालेला अबोला. डिस्चार्जचं नियोजन तिथून सुरू झालं. नर्सने नळीचं भरवणं त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. दर दोन तासांनी कूस कशी आणि का बदलायची, हे फिजिओथेरपिस्टने दाखवलं. पलंग आणि हवेची गादी भाड्याने कुठे मिळते ते शोधलं. मुलाला फोन करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडलं. त्यांनी तो तिसऱ्या दिवशी केला.

हा विद्यार्थी पुढे मुलाखतीला गेला असेल तेव्हा त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. मी काय पाहिलं, काय ठरवलं, का ठरवलं, त्यातून काय झालं. दोन वर्षांत कमवायचं ते हे.

हा मुद्दा मी ताणतोय असं वाटेल, म्हणून थोडा इतिहास. समाजकार्याचं औपचारिक शिक्षण सुरू झालं १८९८मध्ये, न्यूयॉर्कमधल्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाने. पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅममध्ये स्वतंत्र शाळा निघाली. भारतात १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. या सगळ्याच्या मधोमध, १९१५ साली, अब्राहम फ्लेक्सनर यांनी एका परिषदेत सरळ विचारलं होतं की समाजकार्य हा मुळात व्यवसाय आहे का? वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेऊन नाव कमावलेला हा माणूस. त्यांचं उत्तर होतं, अजून नाही. समाजकार्यकर्ता डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्याशी गाठ घालून देतो, पण त्याचं स्वतःचं, दुसऱ्याला शिकवता येईल असं नेमकं तंत्र कोणतं, असा त्यांचा आक्षेप होता. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड यांनी माहिती कशी गोळा करायची, पुरावा कसा तपासायचा, त्यावरून माणसाच्या अडचणीचं निदान कसं करायचं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. फ्लेक्सनर आज हयात नाहीत, पण त्यांचा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत बसलेला असतो. ‘वॉर्डात नर्स आहे, समुपदेशक आहे, मग तुम्ही नेमकं काय करता?’ असं विचारलं की निम्मे उमेदवार ‘मला लोकांना मदत करायची आवड आहे’ इथे येऊन थांबतात.

वर्गातल्या विषयांबद्दल थोडक्यात. व्यक्तिसहाय्य कार्य (केसवर्क), गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक क्रिया, संशोधन ही सहा नावं सगळीकडे भेटतात. परीक्षेपुरतं सगळे पाठ करतात. फेलिक्स बिएस्टेक यांची १९५७ सालची सात तत्त्वंही झोपेत म्हणून दाखवतात : वैयक्तिकीकरण, भावनांची हेतुपूर्वक अभिव्यक्ती, नियंत्रित भावनिक सहभाग, स्वीकार, दोषारोप न करणं, स्वयंनिर्णय, गोपनीयता. फिल्डवर त्यातली दोन एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा ती खरी कळतात. मार खाऊन आलेली बाई ‘मला परत घरीच जायचंय’ म्हणते. स्वयंनिर्णय म्हणून गप्प बसायचं? की तिला अडवायचं? दोन्ही सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही कामाचे नाहीत. तिचा निर्णय तिचाच राहतो, पण जाण्याआधी धोका किती आहे हे विचारायचं असतं : हत्यार वापरलं का, गळा दाबला का, मारहाण वाढत चालली आहे का. रात्री निघावं लागलं तर कुठे जाईल, कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, कोणाला फोन करेल, हे तिच्यासोबत बसून ठरवायचं. कायद्याने तिला काय मिळू शकतं ते सांगायचं. आणि दार उघडं ठेवायचं, कारण ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते.

गोपनीयतेचंही तसंच. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही सांगणार नाही’ असं वचन नवे विद्यार्थी सर्रास देतात. ते देऊ नका. मुलाचं लैंगिक शोषण कळलं तर भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आणि अशी तरतूद अनेक देशांत आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत सांगायला शिका. माणसं त्यामुळे दुरावत नाहीत. उलट पुढचं सावधपणे का होईना, पण खरं बोलतात.

आणखी एक गोष्ट वर्गात नीट उतरत नाही. केसवर्क करणारे आणि समुदायात काम करणारे जणू दोन जाती असल्यासारखे वागतात. एका विद्यार्थिनीकडे क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणारे काही पेशंट होते. प्रत्येकाला ती वेगवेगळं समजावत होती, औषध नियमित घेण्याचं महत्त्व सांगत होती. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. तिने सगळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की बहुतेक सगळे रोजंदारीवरचे, आणि औषध मिळण्याची वेळ नेमकी कामाला जाण्याची. औषध आणायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. यात समुपदेशनाने काय होणार? वेळ बदलण्याची मागणी पुराव्यानिशी मांडावी लागते. तिने एक पान लिहिलं, विभागप्रमुखांना दिलं, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी औषधांची खिडकी उघडी राहू लागली. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ साली जी जागतिक व्याख्या स्वीकारली, तिच्यात सामाजिक बदल आणि लोकांचं सक्षमीकरण एकाच वाक्यात येतात ते उगाच नाही. म्हणून केसवर्कला असाल तर एक सत्र तरी वस्तीत काढा, आणि वस्तीत असाल तर एका कुटुंबाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करा.

शोधनिबंधाबद्दल एवढंच : विषय फिल्डवर्कमधून घ्या, नमुना लहान ठेवा, माहितीवर स्वतः काम करा. एक्सेलमध्ये तक्ता लावून त्यातून दोन वाक्यं काढता येणं हे संस्थांना हवं असतं. बेसलाइन, निर्देशक, तिमाही अहवाल हे शब्द नोकरीच्या पहिल्या महिन्यातच अंगावर येतात. इंग्रजी आणि स्थानिक भाषा दोन्हींत स्वच्छ अहवाल लिहिणाऱ्याला प्रकल्प सहजासहजी सोडत नाहीत.

आता नोकरीकडे. हा व्यवसाय कुठे किती बांधलेला आहे ते देशागणिक वेगळं आहे. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे नाव २००५पासून कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसताना ते लावणं गुन्हा आहे, आणि २०१९पासून ही नोंदणी सोशल वर्क इंग्लंडकडे आहे. अमेरिकेत राज्यागणिक परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते, आणि स्वतंत्रपणे उपचारात्मक काम करायचं तर पदवीनंतरही देखरेखीखाली काम केल्याचे तास दाखवावे लागतात. भारतात सरसकट सगळ्यांना असा परवाना लागत नाही, पण वैद्यकीय बाजूला चित्र बदलतंय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘मानसोपचार समाजकार्यकर्ता’ म्हणून ओळख मिळायला एमएसडब्ल्यूनंतर पूर्णवेळ दोन वर्षांचं, देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह एमफिल लागतं. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. स्पेशलायझेशन महत्त्वाचं ठरतं म्हणालो ते यासाठी. मात्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनी एमफिल ही पदवी बंद करायचं ठरवल्यामुळे या अभ्यासक्रमाचं सध्याचं रूप काय आहे, ते प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर दोन वर्षं लावू नका.

स्वयंसेवी संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो आणि बहुतेक जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ म्हणतील तेव्हा सरळ विचारा : प्रकल्प कधी संपतो, माझं सुपरव्हिजन कोण करणार, आणि एका कार्यकर्त्याकडे किती केसेस असतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं गोलमाल आली तर ती माहितीच आहे.

मुलाखतीत मी एक प्रसंग हमखास ठेवतो. पेशंटचा मुलगा समोर येऊन म्हणतो, ‘पैसे संपले, मी वडिलांना डामा घेऊन नेतो.’ म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. तुम्ही काय कराल? ‘त्याचं समुपदेशन करेन’ हे उत्तर आलं की माझं लक्ष घड्याळाकडे जातं. चांगला उमेदवार आधी विचारतो, वेळ किती आहे? डॉक्टरांकडून जाणून घेतो की आज नेलं तर काय होईल आणि चार दिवसांनी नेलं तर काय. बिल किती झालं, यापुढे रोज किती लागेल, हे वेगळं करतो, कारण घरच्यांना बहुतेकदा झालेल्या खर्चापेक्षा न दिसणाऱ्या खर्चाची धास्ती असते. घरात निर्णय कोण घेतं ते शोधतो; समोर आलेला मुलगा निरोप्याही असू शकतो. मग योजना, ट्रस्ट, खर्चात सवलत. आणि एवढं करूनही ते निघालेच, तर औषधं, कागद, जवळच्या सरकारी रुग्णालयासाठी रेफरल आणि दोन दिवसांनी फोन. हा शेवटचा भाग फार थोडे जण सांगतात. जो सांगतो त्याने फिल्डवर्क केलेलं असतं.

स्वतःला सांभाळण्याबद्दल व्याख्यानं खूप होतात, मी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. खिशातून पैसे देऊ नका. एकदा दिलेत की तुमचं आणि त्या कुटुंबाचं नातं बदलतं. ते तुम्हाला खरी अडचण सांगायची थांबतात आणि पैशांची सांगू लागतात. पैसे लागणारच असतील तर ते संस्थेच्या वाटेने, नोंद करून मिळवून द्या. दुसरं, स्वतःचा मोबाइल नंबर वाटत सुटू नका. विभागाचा नंबर आणि भेटण्याची वेळ द्या. रात्री अकराला आलेला फोन तुम्ही उचलला तर उद्याही उचलावा लागतो, आणि ज्या दिवशी उचलणार नाही त्या दिवशी तुम्ही त्यांना फसवलेलं असतं. एखादी केस घरी गेल्यावरही डोक्यातून जात नसेल, तर ती आयसीत बोलायची. सुपरव्हिजन त्यासाठीच असतं, निव्वळ चुका काढायला नाही. मुलाचा मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न अशा केसेसनंतर सुपरवायझरने स्वतःहून विचारलं नाही तर तुम्ही वेळ मागा.

राहिली कागदपत्रांची गोष्ट. फिल्डवर्कची प्रत्येक प्लेसमेंट (एका संस्थेतली नेमणूक) संपताना संस्थेच्या लेटरहेडवर तास, कामाचं स्वरूप आणि सुपरवायझरची पात्रता लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या. परदेशात पदवीचं मूल्यांकन करून घ्यायची वेळ आली तर नेमकं हेच विचारतात. शिफारसपत्रही शेवटच्या आठवड्यातच मागा. सहा महिन्यांनी तुम्ही कोण हे आठवायला त्या माणसाला तुमचा फोटो लागेल, किंवा त्याची बदली झालेली असेल. रेकॉर्डिंगच्या वह्या ठेवा, पण नावं, पत्ते, फोन नंबर खोडून. त्यातल्या चार-पाच केसेस निवडून प्रत्येकी अर्ध्या पानात मांडा. मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचायला तेवढं पुरतं.